भाषणाआधीची आणि मुलाखतीआधीची भीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोकांकडून भाषणाची, प्रेझेंटेशनची, मुलाखतीची तयारी करून घेणं हे माझं काम. मुद्दे कोणते घ्यायचे, कपडे कुठले घालायचे, वेळ किती लागेल, हे सगळे मोकळेपणानं विचारतात. भीतीबद्दलचे प्रश्न मात्र निघता निघता, दारात उभं राहून, आवाज खाली आणून येतात. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत. "घाबरू नका" एवढं सांगून कुणाची भीती गेल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

बोलायला उभं राहिलं की छाती धडधडते, हात गार पडतात, तोंडाला कोरड पडते. शरीर असं का वागतं?

मेंदूला धोका जाणवला की सिंपथेटिक मज्जासंस्था जागी होते आणि मूत्रपिंडांवरच्या ॲड्रिनल ग्रंथी रक्तात ॲड्रेनालिन सोडतात. धोका म्हणजे अंगावर धावून येणारं जनावर की रोखून बघणारी पन्नास माणसं, याची फारशी चौकशी ही यंत्रणा करत नाही. मोठ्या स्नायूंना जास्त रक्त हवं म्हणून हृदय जोरानं चालू लागतं. कातडीजवळच्या रक्तवाहिन्या आकसतात म्हणून बोटं गार पडतात. पचनाचं काम मागे पडतं म्हणून पोटात गोळा येतो, लाळ कमी आणि घट्ट होते म्हणून जीभ टाळूला चिकटते. स्नायू पळायच्या तयारीत आणि तुम्ही मात्र एका जागी उभे, त्यामुळे हातपाय थरथरतात. गळ्याचे स्नायू ताठरतात, श्वास वरच्यावर चालतो, मग आवाज कापतो किंवा नको तितका चढतो.

हे इतकं फोडून सांगायचं कारण असं की, "हात कापतोय म्हणजे मला हे जमणार नाही" असा अर्थ बहुतेक जण मनातल्या मनात लावतात आणि तिथेच खचतात. तुमची तयारी किती झाली आहे याची त्या हाताला काही कल्पना नसते. विषय कोळून प्यायलेल्या माणसाचाही हात कापतो.

ही भीती फक्त मलाच इतकी वाटते का?

नाही. सिसेरो या रोमन वक्त्यानं इ.स.पू. ५५ मध्ये लिहिलेल्या एका संवादात क्रॅसस हा रोमचा नामवंत वक्ता कबूल करतो की, भाषणाच्या आरंभी आपण पांढरेफटक पडतो आणि सर्वांगाला कंप सुटतो. बोलणारा जितका चांगला, तितकी त्याला बोलण्यातली अवघड जागा जास्त दिसते आणि तितका तो जास्त धास्तावतो, असंही तो म्हणतो. मला हे पटतं. ज्यांना ऐकणाऱ्यांची पर्वा नाही, त्यांची छाती सहसा धडधडत नाही.

लोक मरणापेक्षाही भाषणाला जास्त घाबरतात, हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. ते मात्र जसंच्या तसं घेऊ नका. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात, कशाकशाची भीती वाटते या यादीत भाषणावर सगळ्यात जास्त खुणा झाल्या. पण सगळ्यात मोठी भीती एकच निवडा म्हटल्यावर मरण पहिलं आलं. भाषणाची भीती सर्वांत पसरलेली आहे. सर्वांत खोल असेलच असं नाही.

सरावानं ही भीती पूर्ण जाते का?

काहींची जाते. बहुतेकांची कमी होते आणि तळाशी थोडी उरते. मी स्वतः इतकी वर्षं बोलते आहे, तरी नव्या ठिकाणी पहिलं वाक्य उच्चारण्याआधी पोटात हलतंच. म्हणून "भीती गेली की मग बोलेन" असं कुणी म्हणालं की मला काळजी वाटते, कारण ती वाट बघण्यात वर्षं जातात. भीती असतानाच बोलता येतं, आणि बोलत राहिल्यावर ती ओसरते.

यात एक गोष्ट तुमच्या बाजूची आहे. संवादशास्त्राच्या अभ्यासकांनी भाषणादरम्यानची अस्वस्थता टप्प्याटप्प्यानं मोजली आहे. बोलण्याआधी वाट पाहतानाच ती चढलेली असते, पहिल्या मिनिटाच्या आसपास शिखर गाठते आणि मग शरीर जुळवून घेतं तशी उतरू लागते. सगळं भाषण त्या पहिल्या मिनिटासारखंच जाणार, असं आपण आधी धरून चालतो. ते तसं जात नाही.

मग ते पहिलं मिनिट कसं निभावायचं?

माझी जवळजवळ निम्मी मेहनत या एका मिनिटावरच खर्च होते, म्हणून इथे थोडं थांबते.

पहिली तीन-चार वाक्यं अशी तयार करा की झोपेतून उठवलं तरी म्हणता येतील. वाक्यं छोटी हवीत, एका श्वासात मावणारी. जोडाक्षरांनी भरलेले शब्द, लांबलचक पदव्या आणि आकडे त्यात नकोत. कोरड्या तोंडानं ते अडकतात. प्रमुख पाहुण्यांची नावं सुरुवातीला घ्यावीच लागणार असतील तर कागदावर मोठ्या अक्षरात लिहून समोर ठेवा. नाव चुकलं की सावरायला वेळ लागतो, आणि त्या क्षणी तेवढा वेळ हाताशी नसतो.

जागेवर पोहोचलात की लगेच तोंड उघडू नका. दोन्ही पाय जमिनीवर नीट टेकवा, कागद ठेवा, माईक उंचीला लावून घ्या, एक श्वास पूर्ण बाहेर सोडा, समोर बघा. यात चार-पाच सेकंद जातात. तुम्हाला ती फार लांब वाटतील. ऐकणाऱ्यांना वाटत नाहीत. तेही त्या वेळात सावरून बसत असतात. घाबरलेला माणूस ही सेकंदं गिळतो, चालता चालताच बोलायला लागतो, पहिल्याच वाक्याला त्याचा श्वास संपतो आणि मग सबंध भाषण तो श्वासाच्या मागे धावत राहतो.

हातात सुटा कागद धरू नका. थरथर त्यात मोठी होऊन दिसते आणि ऐकू येते. जाड कार्ड घ्या किंवा कागद टेबलावर ठेवा.

जमलं तर पहिल्याच मिनिटात एखादा प्रश्न विचारा, ज्याला लोक हात वर करून किंवा मान हलवून उत्तर देतील. तेवढ्यात नजरा तुमच्यावरून हलतात, तुम्हाला दोन श्वास मिळतात, आणि ज्यांना आपण परीक्षक समजत होतो ती साधी माणसं आहेत हे दिसू लागतं.

भाषण पाठ करावं का?

सुरुवात आणि शेवट पाठ करा. मधलं नको.

शब्दन् शब्द पाठ केलेल्या भाषणात एक शब्द निसटला की पुढची सगळी साखळी तुटते, कारण डोक्यात अर्थाऐवजी शब्दांची रांग बसवलेली असते. त्याऐवजी मुद्द्यांची माळ बसवा: कुठून निघायचं, मधे कुठे थांबायचं, कुठे पोहोचायचं. पाच मुद्दे, प्रत्येकाला एक उदाहरण, आणि एका मुद्द्यावरून दुसऱ्यावर नेणारं एकेक वाक्य. ही जोडवाक्यं विशेष करून तयार ठेवा. लोक मुद्दा सहसा विसरत नाहीत, आता पुढे कुठे जायचं ते विसरतात.

तयारी करताना लिहिलेलं पुन्हा पुन्हा वाचू नका, कागद उलटा ठेवून आठवून बोला. रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे फार चांगलं दाखवलं. विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे गेले. वाचताना "येतंय की सगळं" असा जो भरवसा वाटतो, तो व्यासपीठावर दगा देतो. आणि सराव मोठ्यानं, उभं राहून करा. मनातल्या मनात म्हटलेलं भाषण नेहमीच सुरळीत होतं.

आरशासमोर सराव करू का?

हा सल्ला सगळे देतात. मी देत नाही. आरशात तुम्ही स्वतःकडे बघायला शिकता, आणि या भीतीचं मूळच मुळी स्वतःकडे बघत राहण्यात आहे. क्लार्क आणि वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९५ मध्ये सामाजिक भीतीची जी मांडणी केली तिचा गाभा हाच आहे: घाबरलेल्या माणसाचं लक्ष समोरच्यांवरून उडून आत वळतं, आतल्या धडधडीवरून तो आपलं बाहेरचं रूप कल्पतो आणि ते रूप खरं मानतो. मी कशी दिसते आहे, आवाज कापला का, चेहरा लाल झाला का, या चौकशीत अर्धं डोकं गुंतलं की बोलायला अर्धंच उरतं.

आरशाऐवजी एक माणूस समोर बसवा. कुणीही चालेल, विषय कळला नाही तरी चालेल. त्याला एकच काम द्या: ऐकून झाल्यावर तुला काय कळलं ते सांग. मोबाईलवर एक-दोनदा चित्रीकरण करून बघायलाही हरकत नाही, पण बघण्याआधी लिहून ठेवा की त्यात तुम्हाला काय दिसेल असं वाटतं. मग आवाज बंद करून बघा, एखाद्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं. "मी वेडीपिशी दिसत असणार" असं लिहिलेल्या किती तरी जणी चित्रीकरण पाहून गप्प झाल्या आहेत.

पण माझी थरथर सगळ्यांना दिसतेच ना?

तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरीच कमी दिसते. धडधड, पोटातला गोळा, डोक्यातला गोंधळ हे सगळं तुम्हाला आतून कळतं. समोरच्याला दिसतो तो चेहरा आणि ऐकू येतो तो आवाज.

कॉर्नेल विद्यापीठात यावर दोन सुंदर प्रयोग झाले. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्यात विद्यार्थ्याला एका गायकाचा मोठा चेहरा छापलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट देऊन भरल्या खोलीत पाठवलं. शर्टावर कोण आहे हे किती जणांच्या लक्षात आलं असेल, असं विचारल्यावर त्याचा अंदाज निम्म्याच्या जवळ जायचा. प्रत्यक्षात पाव लोकांच्याही ते जेमतेम लक्षात आलेलं असायचं. २००३ चा दुसरा प्रयोग थेट भाषणाचा. आपली अस्वस्थता जितकी दिसली असं बोलणाऱ्यांना वाटत होतं, तितकी ऐकणाऱ्यांना दिसली नव्हती. पुढे संशोधकांनी काही वक्त्यांना भाषणाआधी एवढंच समजावून सांगितलं: तुमच्या मनातली घालमेल बाहेर फारशी दिसत नाही. हे ज्यांना सांगितलं होतं त्यांची भाषणं इतरांपेक्षा सरस ठरली, स्वतःच्या मते आणि ऐकणाऱ्यांच्याही मते.

म्हणून सुरुवातीलाच "माफ करा, मी खूप घाबरलो आहे" असं जाहीर करू नका. जे कुणी बघत नव्हतं ते तुम्ही बोट दाखवून बघायला लावता.

स्वतःला "शांत हो, शांत हो" म्हणतो, पण उलटच होतं. का?

धावत्या छातीला हुकूम देऊन थांबवता येत नाही, आणि थांबली नाही की आपण तिथेही हरलो असं वाटतं. हार्वर्डमध्ये ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ मध्ये वेगळा मार्ग तपासला. भाषणाआधी काहींना "मी शांत आहे" असं म्हणायला लावलं, काहींना "मी उत्सुक आहे" असं. उत्सुक म्हणणारे जास्त वेळ बोलले आणि ऐकणाऱ्यांना जास्त पटले. उत्सुकतेतही छाती धडधडतेच. शरीराची अवस्था तशीच राहते, तिला दिलेलं नाव तेवढं बदलतं.

मराठीत "उत्सुक आहे" हे वाक्य जरा कृत्रिम वाटतं. मी लोकांना "मला हे सांगायचंय" असं म्हणायला सांगते. ते खरंही असतं.

श्वासाच्या व्यायामांचा खरंच उपयोग होतो?

होतो, फक्त श्वास सोडण्यावर भर हवा. श्वास आत घेताना हृदयाची गती किंचित वाढते, सोडताना किंचित कमी होते. त्यामुळे घेण्यापेक्षा सोडणं लांबवलं की गती खाली यायला मदत होते. घाबरलेल्याला "खोल श्वास घे" म्हटलं की तो भराभर मोठे श्वास घेतो आणि त्यानं चक्कर आल्यासारखं होतं.

एक सोपी रीत: नाकानं श्वास घ्या, भरल्यावर वर आणखी थोडा घ्या, मग तोंडानं सावकाश, अगदी शेवटपर्यंत सोडा. स्टॅनफर्डच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लोकांनी हे महिनाभर रोज ५ मिनिटं केलं, आणि तेवढाच वेळ ध्यान करणाऱ्यांपेक्षा त्यांच्या मनःस्थितीत जास्त सुधारणा दिसली. भाषणाच्या दिवशी पहिल्यांदा करून बघू नका. आठवडाभर आधी सवय करा, म्हणजे ऐनवेळी शरीराला ती खूण ओळखीची असते.

बोलता बोलता मधेच सगळं पुसलं गेलं तर?

माझं झालं आहे. माझ्या पहिल्या मोठ्या मुलाखतीत, ज्या विषयावर मी दोन वर्षं काम केलं होतं त्याबद्दलच पहिला प्रश्न आला आणि डोक्यात काही म्हणजे काही उरलं नाही. मी हसले, गप्प बसले, मग "सॉरी" म्हणाले, आणि पुढचा अर्धा तास त्या एका क्षणाबद्दल विचार करत बाकीच्या प्रश्नांची जेमतेम उत्तरं दिली. ती नोकरी मिळाली नाही. ते पहिलं कोरं मिनिट फारसं महत्त्वाचं नव्हतं; त्याच्याबद्दल विचार करत घालवलेल्या अर्ध्या तासानं घात केला, हे कळायला मला बराच काळ लागला.

ताण खूप चढला की कपाळामागचा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स तात्पुरता मंदावतो. हातातल्या गोष्टी डोक्यात धरून ठेवणं, त्यांचा क्रम लावणं हे त्याचंच काम. माहिती पुसली जात नाही, तिच्यापर्यंतची वाट काही सेकंद बंद होते. त्या काही सेकंदांत जोर लावून शब्द शोधू नका. आधी थांबा आणि श्वास सोडा. मग शेवटचं वाक्य पुन्हा म्हणा, थोडं बदलून. बहुतेकदा त्याच्या मागोमाग पुढचं येतं. नाहीच आलं तर "एक क्षण, टिपणं बघतो" म्हणा आणि खरंच बघा, सावकाश. लोकांना थांबलेला वक्ता चालतो, भेदरलेला बघवत नाही. तेही जमलं नाही तर पुढच्या मुद्द्यावर जा. काय गळलं ते फक्त तुम्हाला माहीत आहे.

मुलाखतीची भीती भाषणाच्या भीतीपेक्षा वेगळी असते का?

असते. भाषणात काय बोलायचं ते तुमच्या हातात असतं. मुलाखतीत सूत्रं समोरच्याकडे, आणि निकाल थेट तुमच्याबद्दलचा. प्रयोगशाळेत माणसाला हमखास ताण द्यायचा असतो तेव्हा संशोधक काय करतात ते बघा. जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठात १९९३ मध्ये बसवलेली चाचणी आजही जगभर वापरतात: थोडा वेळ तयारीला द्यायचा, मग नोकरीसाठी आपण कसे योग्य हे ५ मिनिटं पॅनेलसमोर बोलायला लावायचं, आणि वर १०२२ मधून १३-१३ वजा करत उलट मोजायला लावायचं. लाळेतलं कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक त्यानं चांगलंच वाढतं. म्हणजे मुलाखत हाच ताण मोजायचा नमुना ठरला आहे. तुम्हाला घाम फुटला तर तुमच्यात काही कमी आहे असं नाही.

त्या चाचणीत पॅनेलला सक्त सूचना असते: चेहरा कोरा ठेवायचा, मान डोलवायची नाही, हसायचं नाही. कारण कोऱ्या चेहऱ्यासमोर माणूस सर्वांत जास्त अस्वस्थ होतो. खऱ्या मुलाखतीतही अनेकदा सगळ्यांना सारखी वागणूक मिळावी म्हणून पॅनेल मुद्दाम भाव दाखवत नाही. कुणी खाली मान घालून लिहीत असेल तर ते तुमचंच उत्तर टिपत असेल. कोऱ्या चेहऱ्यावर "यांना माझं पटत नाही" हे आपणच लिहितो.

तयारीबद्दल एवढंच आग्रहानं सांगते: शंभर प्रश्नांची उत्तरं घोकू नका. स्वतःच्या कामातले, शिक्षणातले सहा-सात खरे प्रसंग निवडा. एखादी अडचण सोडवलेली, एखादी चूक झालेली आणि सुधारलेली, कुणाशी मतभेद झालेला, वेळ कमी असताना निभावलेलं. प्रत्येक प्रसंग चार पायऱ्यांत सांगून बघा: परिस्थिती काय होती, माझ्यावर काय जबाबदारी होती, मी काय केलं, शेवटी काय झालं. दीड-दोन मिनिटांत मावायला हवा. घाबरलेला माणूस पहिल्या पायरीवरच अर्धा वेळ घालवतो आणि "मी काय केलं" इथे "आम्ही" म्हणून निसटतो. तिथे "मी" म्हणायला संकोचू नका. हेच सात प्रसंग फिरवून तीस प्रश्नांना पुरतात, आणि स्वतःवर बेतलेलं असल्यानं ताणातही आठवतात.

उत्तर येतच नसेल तर?

"हे मला माहीत नाही" असं स्पष्ट म्हणा. मग जमत असेल तर पुढे जोडा: "पण मी त्याचा विचार असा करेन..." थापा मारायला लागलात की पुढचा प्रश्न त्याच थापेवर येतो. प्रश्न नीट कळला नसेल तर पुन्हा विचारायला लाजू नका, आणि उत्तराआधी दोन-तीन सेकंद थांबायलाही. ते विचार करणं दिसतं, अडकणं नाही.

ऑनलाइन मुलाखतीत जास्त घाबरायला होतं. काय करू?

पडद्यावर स्वतःचा चेहरा दिसत राहतो, म्हणजे आरसाच तो. स्वतःची चौकट लपवायची सोय बहुतेक ॲपमध्ये असते, ती वापरा. बोलताना कॅमेऱ्याकडे बघा, ऐकताना पडद्याकडे. आवाज थोडा उशिरा पोहोचतो. ती शांतता नापसंतीची समजू नका.

आधी चहा-कॉफी घ्यावी का?

रोज घेता तेवढीच घ्या. कॅफीनही छाती धडधडवतं आणि हात कापवतं, मग ती धडधड भीतीची समजून तुम्ही आणखी घाबरता. निम्मं कॅफीन शरीरातून जायला साधारण ५ तास लागतात. घोट घोट पाणी मात्र हाताशी ठेवा, कोरड्या तोंडासाठी आणि थांबायला निमित्त म्हणूनही.

छाती काढून, हात पसरून दोन मिनिटं उभं राहिलं की आत्मविश्वास वाढतो म्हणतात.

२०१० च्या एका अभ्यासानं हे गाजलं: त्यानं संप्रेरकं बदलतात, असा दावा होता. २०१५ मध्ये बऱ्याच जास्त लोकांवर तो तपासला तेव्हा संप्रेरकांत फरक दिसला नाही, आणि मूळ लेखकांपैकी एकीनं पुढच्या वर्षी स्वतःच आपला त्यावर विश्वास उरला नसल्याचं जाहीर केलं. ताठ उभं राहा, श्वासाला जागा मिळते. त्याहून मोठी आशा ठेवू नका.

गोळी घेतली तर?

प्रोप्रॅनोलॉल या बीटा-ब्लॉकर औषधाबद्दल लोक विचारतात. जेम्स ब्लॅक यांनी ते १९६० च्या दशकात हृदयविकारासाठी शोधलं आणि १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. ते ॲड्रेनालिनचा हृदयावरचा परिणाम अडवतं, त्यामुळे धडधड आणि कंप कमी होतो. मनातले विचार तसेच राहतात. दमा असलेल्यांना ते धोक्याचं ठरू शकतं, रक्तदाब किंवा नाडी कमी असेल तरीही. डॉक्टरांनी तपासून दिल्याशिवाय, मित्राची गोळी म्हणून कधीच घेऊ नका. धीर यावा म्हणून दारू घेऊन बोलायला जाणारेही मी पाहिले आहेत. जीभ जड होते आणि पुढच्या वेळी दारूशिवाय उभंच राहवत नाही.

मी अडखळत बोलतो. माझ्यासाठी हे सगळं लागू आहे का?

बरंचसं आहे, एक गोष्ट सोडून. वर म्हटलं की भीती जाहीर करू नका. बोलण्यातल्या अडखळीचं उलट आहे. "मी कधी कधी अडखळतो, थोडा वेळ लागेल" असं सुरुवातीलाच, माफी न मागता, साध्या सुरात सांगितलं की ती लपवण्याची धडपड संपते, आणि अडखळ वाढवण्यात त्या धडपडीचा मोठा हात असतो. प्रौढांमध्ये साधारण शंभरात एकाला ही अडचण असते. वाचातज्ज्ञांची मदत मोठेपणीही घेता येते.

बोलून झाल्यावर रात्रभर तेच डोक्यात घोळत राहतं. हे कसं थांबवू?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात, आणि माझ्या मते पुढच्या वेळची भीती याच रात्री पेरली जाते. कॉर्टिसोल ताण सुरू झाल्यावर साधारण २० ते ३० मिनिटांनी शिखराला जातं, म्हणजे तुमचं बोलणं संपलं तरी शरीर अजून ताणातच असतं. त्या अवस्थेत केलेली उजळणी एकतर्फी असते: अडखळलेलं एक वाक्य शंभरदा आठवतं, मान डोलावणारी माणसं एकदाही नाही.

संपल्यावर लगेच निवाडा करू नका. थोडं चाला. मग कागदावर लिहा: ठरवलेल्यापैकी काय सांगून झालं, लोकांनी काय विचारलं, पुढच्या वेळी एकच काय बदलायचं. एकच. लिहून झालं की विश्वासातल्या एका माणसाला विचारा, पण "कसं झालं?" असं विचारू नका, त्यावर "छान" एवढंच मिळतं. "माझ्या बोलण्यातलं तुला काय आठवतंय?" असं विचारा.

ही नुसती भीती आहे की आजार, हे कसं ओळखायचं?

भीतीपायी तुम्ही आयुष्याची दिशा बदलू लागलात तर गांभीर्यानं घ्या. बढती नाकारली, तोंडी परीक्षा आहे म्हणून अभ्यासक्रम सोडला, मुलाखतीचं पत्र येऊनही गेला नाहीत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या निकषांत सामाजिक भीतीच्या विकाराचा एक प्रकार फक्त लोकांसमोर बोलण्या-वावरण्यापुरता असू शकतो असं नोंदलेलं आहे. भीती सहसा ६ महिने किंवा अधिक टिकलेली आणि जगण्यात अडथळा आणणारी असावी लागते. यावर उपचार आहेत आणि ते लागू पडतात. विचार आणि वर्तन दोन्हींवर काम करणारी सीबीटी (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी) ही त्यातली सर्वांत तपासलेली पद्धत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे हार मानणं असं वाटून लोक दहा-दहा वर्षं सोसतात, ते बघून मला फार वाईट वाटतं.

वेळ हाताशी आहे. सुरुवात कुठून करू?

खालच्या पायरीवरून. भीतीच्या गोष्टींची चढती यादी करून एकेक पायरी चढायची, ही पद्धत जोसेफ वोल्पी या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५८ मध्ये मांडली. बैठकीत एक प्रश्न विचारा. मग कुणाची तरी ओळख करून द्या, दोन वाक्यांत. मग चार जणांसमोर पाच मिनिटं. प्रत्येक पायरीवर इतकं रेंगाळा की ती कंटाळवाणी वाटू लागेल, मगच पुढची. आठवड्यात दोन छोटे प्रसंग हे वर्षातून एका मोठ्या भाषणापेक्षा जास्त काम करतात. आणि पायरीवरून पळून येऊ नका. पळालात की सुटका झाल्याचं बरं वाटतं आणि मेंदू तेच शिकतो.

आणि भाषण उद्याच असेल तर?

मग नवीन काही वाचू नका, नवीन काही घालू नका. जागा आधी बघता येत असेल तर बघून या, माईकसमोर उभं राहून दोन वाक्यं बोला. एका कार्डावर पाच मुद्दे आणि जोडवाक्यं लिहा. कागद उलटा ठेवून एकदा उभ्यानं पूर्ण बोला, चुकलात तरी न थांबता शेवटपर्यंत.

डोक्यातली भीती दहा मिनिटं कागदावर उतरवा, जशी येईल तशी. २०११ मध्ये विद्यार्थ्यांनी परीक्षेच्या आधी असं केलं तेव्हा जे सगळ्यात जास्त घाबरत होते त्यांचे गुण सुधारले. परीक्षा आणि भाषण एक नाही, पण मी हे अनेकांकडून करून घेतलं आहे आणि त्यांना झोप लागली आहे.

उद्या थोडे लवकर पोहोचा. ऐकायला येणाऱ्यांपैकी दोघा-तिघांशी सहज बोला, कुठून आलात, या विषयात कसे. बोलायला उभे राहाल तेव्हा त्यांचे चेहरे शोधा आणि पहिली चार वाक्यं त्यांनाच सांगा.